चौघांची चाल

कुणाचीही चाल सांगा, मी चालून दाखवते. नगराध्यक्ष दर चार पावलांनी पँट कशी वर ओढतात, शाळेतल्या सोनवणेबाई कोरड्या रस्त्यावरसुद्धा चिखल असल्यागत टाचा कशा उचलतात, बँकेतला कॅशियर एका खिशात सगळ्या तिजोरीच्या चाव्या असल्यासारखा कसा कलतो, सगळं येतं. माझं टेलरिंगचं दुकान कासेघाटच्या भर पेठेत आहे आणि मशीन मुद्दाम रस्त्याकडं तोंड करून ठेवलंय. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की त्याच्यामागं त्याच्याच चालीनं मी दोन पावलं टाकते. समोरचा पानवाला हसताना चुना सांडतो. एकदा नगराध्यक्षांनी वळून बघितलं. मी तशीच पँट ओढायची नक्कल करत पुढं गेले आणि म्हणाले, "साहेब, कमरेत सैल झालीय ती. आणून द्या, दोन टाके घालते." आणून दिली बिचाऱ्यांनी.

तर माझा नवरा पहिल्यांदा उभा राहून चालला तेव्हा सगळी पेठ टाळ्या वाजवत होती, आणि मी एकटी तोंड उघडं टाकून बघत होते. कारण ती चाल त्याची नव्हती.

हणमंत. लोकांसमोर 'अहो', घरात 'हणमा'. त्याची मूळची चाल म्हणजे पोट पुढं, चपला मागं, आणि मधे कुठंतरी हणमा. घाई तर अशी की बोलता बोलता माणूस दोन दुकानं पुढं गेलेला असायचा. मग त्याला लकवा मारला आणि डावी बाजू गेली. वर्षभर तो दुकानात मागच्या बाजूला खुर्चीत बसून काज-बटणं करायचा. एका हातानं.

त्या वर्षात मी त्याची एकही खोडी काढली नाही. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली, एक आठवडा कधी सुना गेला नव्हता. टोपीच्या अस्तरात खाजकुयली घातलीय, सासुरवाडीला जाताना त्याच्या सदऱ्याची बाही शिवून बंद केलीय. पण खुर्चीतल्या माणसाची काय खोडी काढायची? मी त्याला नीट चहा द्यायचे. नीट औषध द्यायचे. त्याला ते कळत होतं. तो गप्प चहा प्यायचा.

मग पुनर्वसन केंद्रात ते पायपट्टे आले. कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांना बांधायचे, पातळ, मासळीच्या कातडीसारखे चकचकीत. तिथली फिजिओ तेजस्विनी म्हेत्रे, बारीक अंगाची, बोलायला मात्र तरतरीत. तिनं मला समजावून सांगितलं.

"लकव्यात पाय मरत नाही, ताई. मेंदूकडनं निघालेला निरोप अर्ध्या वाटेत विरतो. 'चल' एवढं पोचतं, पण गुडघा कधी वाकवायचा, टाच कधी टेकायची, ते पोचत नाही. पट्टा कातडीवरनं तो अर्धा निरोप ऐकतो, उरलेला अंदाजानं पुरा करतो आणि स्नायूंना बारीक करंट देतो. पाऊल सुरू तुम्ही करायचं, संपवणार पट्टा."

"अंदाज कशावरनं करतो?"

"चालण्याच्या माहितीवरनं. खरीखुरी माणसं हजारो तास चालली, ते सगळं नोंदलेलं आहे. त्यावर यंत्र शिकलंय, कुठल्या पावलानंतर कुठलं पाऊल येतं."

"कुणाची माणसं?"

"ते नाही कळत. नावगाव काढून टाकलेलं असतं. त्यांच्या खासगीपणासाठी."

"नाव काढलं म्हणजे माणूस निघतो होय गं? मी पाटलीणबाईंच्या ब्लाउजवरची चिठ्ठी काढली तरी तो बसतो पाटलीणबाईंनाच."

तेजस्विनी हसली. मीही हसले. ज्या दिवशी हणमा स्वयंपाकघरातून दुकानापर्यंत स्वतः चालत आला, त्या दिवशी मी त्याच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. त्यानं घोट घेतला, तोंड वाकडं केलं, सगळा चहा माझ्या नव्या साडीवर थुंकला, आणि मग तो हसता हसता रडायला लागला. "आलीस होय परत," म्हणाला. मीसुद्धा बाई त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून रडले.

तेव्हाच मला जाणवलं की खांदा उतरलाय. उजवा. चांगली दोन बोटं. शिंप्याचा हात फसत नाही. लकवा डावीकडं, आणि उतरलाय उजवा.

दुकान रिकामं बघून मी आरशासमोर त्याची नवी चाल चालून बघितली. लांब, संथ, सगळा तळवा एकदम टेकवणारी पावलं. मान किंचित बाहेर. उजवा खांदा खाली, पण सैल नाही, ताठ. नजर समोर, पायाखाली नाही. मला एरवी चाल अंगात आली की हसू फुटतं. या वेळी पाचव्या-सहाव्या पावलाला मानेवरचे केस उभे राहिले. मला वाटलं, माझ्या खांद्यावर काहीतरी आहे आणि ते हलता कामा नये.

ही चाल मी कुठंतरी बघितली होती. कुणाची, ते काही आठवेना.

गावात चौघांना पट्टे मिळाले होते. आमचा हणमा, रिटायर कंडक्टर लोखंडे, वकील बर्गे आणि शिंगाडेमावशी. चौघं रोज सकाळी नदीकाठच्या रस्त्यानं फिरायला जायचे. पट्ट्यांची आपापसात बोलायची सोय होती. म्हणजे चार लकव्याची माणसं बरोबर निघाली तर वेग सारखा राहावा, कुणी कुणाला धडकू नये. चांगलीच सोय ती. मी एक दिवस डबा घेऊन त्यांच्यामागं गेले.

निघाले तेव्हा चौघं गप्पा मारत होते. लोखंडे कंडक्टरच्या आवाजात "पुढं चला, पुढं चला" करत होते, मावशी खिदळत होत्या. पुलाची कमान ओलांडली आणि त्यांची पावलं जुळली. एकदम. चार माणसं, एक आवाज. मग दोघं पुढं झाले, दोघं मागं राहिले. हणमा पुढं डावीकडं, त्याच्या शेजारी लोखंडे. मागं मावशी आणि वकील. डावीकडच्यांचे उजवे खांदे उतरलेले, उजवीकडच्यांचे डावे. आणि दोन्ही ओळींच्या मधे हात-दीड हात जागा. गप्पा थांबलेल्या.

समोरून एक माणूस स्कूटरवरनं येत होता. अनोळखी, बाहेरगावचा. त्यानं चौघांना बघितलं, स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली, पाय खाली टेकले, टोपी काढली आणि हात जोडले. चौघं पुढं गेल्यावर तो त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

"मावशी," तो म्हणाला, "मी नमस्कार कुणाला केला?"

चाल कुणाची ते मला त्या क्षणी आठवलं.

पोपटराव जगदाळे. मांडववाला. गावात लग्न असो की मयत, पोपटभाऊजी हजर. लग्नात त्यांच्या खुर्च्या असतात आणि मयताला त्यांचा खांदा. पुढचा, डावीकडचा. ती जागा दुसऱ्या कुणी घेतलेली मी बघितली नव्हती. माणूस गेल्याची बातमी आली की पोपटराव जेवणाच्या ताटावरनं उठून जायचे, आणि ते गावभर सांगायचेही.

मी थेट त्यांच्या गोडाऊनमध्ये गेले. गाद्यांच्या ढिगावर बसून ते फोनवर कुणाला तरी झालर कुठली हवी ते विचारत होते.

"पोपटभाऊजी, तुम्ही कधी पायाला मशीन बांधून फिरला होता का?"

"बसा की वहिनी. चहा सांगतो."

"चहा नको. मशीन."

"व्हय, बांधलं होतं. गुडघा बदलला न्हवं का माझा, तापाच्या वर्षी. हॉस्पिटलवाल्यांनी दोन्ही पायांवर चिकटपट्ट्या लावल्या. म्हणले, नवा गुडघा कसा बसतोय त्याचा अभ्यास करायचाय. काढायच्या न्हाईत, रोजच्यासारखंच वागा. मी कागदावर सही दिली." ते अभिमानानं पुढं झुकले. "आणि रोजच्यासारखाच वागलो!"

तापाचं वर्ष. मला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. घरंच्या घरं आजारी, माणसं आत कोंडलेली, गाडी मिळत नव्हती, खांदेकरी मिळत नव्हते. पोपटराव आणि त्यांचे मांडवाचे तीन गडी रोज, कधी दिवसातून तीन-तीन वेळा घाटावर जायचे.

"भाऊजी, तुम्ही पायाला मशीन बांधून मयतं नेलीत?"

"मग? मी रोज तेच करत होतो की. ते म्हणले रोजच्यासारखं."

मी त्यांना हणमाचं सांगितलं. आधी ते खूश झाले. उठून उभेच राहिले. "म्हणजे माझी चाल हणमंताच्या पायात? लोखंड्याच्याबी? वहिनी, आणि पुण्या-मुंबईतबी असंल की!"

"भाऊजी, तुम्ही विसाव्याला काय करता?"

ते थांबले. विसावा म्हणजे घाटाच्या अलीकडं दगडी ओटा आहे, तो. तिथं तिरडी टेकवायची, फिरवायची, खांदे बदलायचे आणि पुढं निघायचं.

"काय करणार, थांबायचं. फिरवायचं. खांदेपालट. कुणाला दमलंय म्हणून सुटी द्यायची असली तर दुसरा मागनं येतो, खांद्याला खांदा लावतो, दोन पावलं बरोबर टाकतो, मग पहिला बाजूला सरकतो. त्याशिवाय जागा सोडत न्हाई कुणी."

"आणि मग?"

"मग घाट उतरायचा. सगळं झालं की नदीत आंघोळ. कपड्यासकट."

चौघं रोज पुलापासून थोडे थोडे पुढं जात होते. पायात बळ येईल तसा पट्टा अंतर वाढवत होता. विसाव्याचा ओटा आता फार लांब नव्हता.

तेजस्विनीनं ऐकून घेतलं, हसली नाही. तिनं पट्ट्यांच्या कंपनीला विचारलं, कंपनीनं ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना विचारलं, त्यांनी आणखी कुणाला. गुडघ्याच्या अभ्यासासाठी घेतलेली माहिती एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं गेली होती. प्रत्येकानं ती आणखी स्वच्छ केली होती. आधी नाव काढलं, मग गाव, मग तारखा, मग वेळा. शेवटी पोपटरावांच्या त्या सगळ्या फेऱ्यांवर दोनच शब्द उरले होते.

"'मुक्त चालणे'," तेजस्विनी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "ताई, यंत्राला ही चाल सगळ्यांत जास्त आवडली. इतकी एकसारखी, इतकी संथ, एक धक्का नाही. त्यामुळं त्यानं हीच पाया म्हणून धरली. आम्हीही तेच बघून खूश होतो, की रुग्ण पडत नाहीत. कुणी विचारलंच नाही, हा माणूस इतका जपून का चालतोय?"

"मग काढून टाका."

"ती काढली तर सगळे पट्टे बंद. सगळीकडचे. परत शिकवायला किती महिने जातील सांगता येत नाही."

हे मी घरी सांगितलं तेव्हा हणमा बटणं लावत होता. उभा राहून. त्यानं सुई खाली ठेवली.

"मी परत खुर्चीत बसणार नाही."

"हणमा, ते पाय तुला नदीत नेतील."

"नेऊ देत. संडासला तर माझा मी जातो ना? जयू, तू वर्षभर माझ्याशी गोड बोललीस. एक शिवी नाही, एक खोडी नाही. माझ्याच घरात मला पाहुण्यासारखं वाटायचं. परत तसं गोड बोलून घ्यायचं नाही मला. मढ्याची चाल तर मढ्याची, चालतोय ना?"

मी त्यानं खाली ठेवलेली सुई उचलून टाचणीच्या गादीत खोचली.

सकाळी तो माझ्या आधी उठला आणि मला न सांगता गेला. अंथरूण गार होतं, दारातले पट्टे नव्हते. मी तशीच पळाले. पळता पळता पोपटरावांना फोन केला, तेजस्विनीला केला.

"पट्टे बंद कर तुझ्या फोनवरनं!"

"ताई, ते घाटाच्या पायऱ्यांवर असले तर? चौघंही डोक्यावर पडतील!"

ते पायऱ्यांवरच होते. विसाव्याच्या ओट्यापाशी थांबले असणार, फिरले असणार, कारण आता खांदे उलटे होते. हणमाचा डावा खांदा खाली होता, जागा पुढं उजवीकडची. चौघं एका लयीत उतरत होते. खालच्या पायरीला पाणी लागलं होतं. नदीवर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. मावशींचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. हणमानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. इतका घाबरलेला चेहरा मी लकव्याच्या दिवशीसुद्धा बघितला नव्हता.

"जयू, थांबवता येईना गं. पाऊल मी सुरू करत नाही, तरी पडतंय."

त्याला धरून ओढलं असतं तर बाकीचे तिघं गेलेच असते पुढं. मी काही विचार केला नाही. पोपटरावांची चाल धरली, लांब, संथ, सगळा तळवा टेकवत. हणमाच्या मागनं गेले आणि माझा खांदा त्याच्या खांद्याला लावला. दोन पावलं बरोबर टाकली. त्या दुसऱ्या पावलाला पाण्याचा गारवा घोट्याला लागला.

आणि हणमा सुटला. त्याचे पाय आपोआप बाजूला वळले, सैल पडले, तीन-चार पावलं कडेनं गेले. तो पायरीवर मटकन बसला.

डावीकडनं पोपटराव धापा टाकत आले. लोखंड्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी त्यांनाही सोडवलं. आम्ही दोघं पुढं उभे राहिलो. पुढचे थांबले तशी मागची पावलंही थांबली. मावशी आणि वकील आमच्यामागं उभे होते, खांदे अजून वाकवलेले.

मी बाजूला व्हायला लागले.

"वहिनी, सोडू नका!" पोपटराव पुटपुटले. "मागचे अजून धरून हायत. बायका खांदा देत न्हाईत, पण आता दिलाय तर अर्ध्यात सोडू नका."

मी पाण्यात उभी राहिले. खांद्यावर काही नव्हतं. हे मी शपथेवर सांगते. पण मी खांदा काढला नाही, कारण काढला असता तर पडलं असतं.

तेजस्विनी आली, तिनं मावशींना आणि वकिलांना बसवलं, पट्टे बंद केले. त्याच दिवशी सगळीकडचे पट्टे बंद झाले. हणमा खुर्चीत बसला. तो माझ्याशी बोलला नाही, आणि मीही गोड बोलले नाही.

काही आठवड्यांनी तेजस्विनी लॅपटॉप घेऊन आमच्या दुकानात आली. पोपटरावांनाही बोलावलं होतं. कंपनीनं ठरवलं होतं की माहिती फेकून द्यायची नाही. प्रत्येक फेरीवर खरं काय ते लिहायचं, म्हणजे कुठली फेरी चहाला जातानाची, कुठली मयताची. मयताच्या काढायच्या, बाकीच्या ठेवायच्या. पोपटराव सांगत होते, ती लिहून घेत होती.

"एका फेरीचा प्रश्न आहे," ती म्हणाली. "यंत्रानं सगळ्यांत जास्त जिच्यावर भर दिला ती. एवढी एकच फेरी ठेवली आणि तिच्यावर 'ओझं घेऊन चालणे' असं नीट लिहून ओझ्याचा भाग वेगळा शिकवला, तर पट्टे महिन्याभरात सुरू होतील. नाहीतर पट्टा बांधूनही काठी घेऊन, धरून धरूनच चालायचं, आणि तेही वर्षानं. कंपनी म्हणते, पोपटरावांची नवी सही पुरे."

पडद्यावर रेघ सरकत होती. तीन पायऱ्या खाली, एक अरुंद वळण, मग उतार. पोपटरावांनी बोट ठेवलं आणि तिथंच राहू दिलं.

"ही शेलारांची आळी," ते म्हणाले. एरवीचा तो मोठा आवाज गेला होता. "अनसूयाकाकू. तापानं अंगात काही उरलंच नव्हतं तिच्या. कुणी शिंकलं तरी उडून जाईल असं वाटत होतं. म्हणून तशी नेली. सही माझी घ्या की, पाय माझेच हायत. पण ही चाल माझी एकट्याची न्हाई. ती खांद्यावर होती म्हणून मी असा चाललो. तिला कोण विचारणार?"

"तिच्या घरी विचारू," हणमा म्हणाला. आम्ही सगळे त्याच्याकडं बघायला लागलो. त्याचे पाय त्या उत्तरावर अवलंबून होते. "मी विचारतो. खुर्ची ढकल, जयू."

शेलारतात्या, अनसूयाकाकूंचे मालक, ओसरीवर बसलेले होते. एकटे राहतात, नव्वदीला टेकलेत. हणमानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. काय चुकलं, कुणी विचारलं नाही, आता काय हवंय, नाही म्हटलं तर स्वतःचं काय होईल, तेसुद्धा. तात्यांनी नीट ऐकलं. मधे दोनदा, "म्हंजे ती अजून चालतीय?" असं विचारलं. दोन्ही वेळा तेजस्विनीनं, "नाही आजोबा, पोपटरावांची चाल," असं सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही.

"नको," शेवटी ते म्हणाले. "ती परक्याच्या उंबऱ्यात पाय ठेवायला लाजायची. तिला कशाला गावोगावच्या लोकांच्या पायात हिंडवता? काढा तिला."

मी हणमाकडं बघितलं. त्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"काढतो तात्या," तो म्हणाला.

"लगीच काढू नका पण." तात्यांनी रस्त्याकडं हात केला. "त्या दिवशी मला बाहेर येऊ दिलं न्हाई. मलाबी ताप होता, खिडकीला कडी लावलेली. नुसता पावलांचा आवाज आला, गेली. एकदा न्या तिला माझ्या दारावरनं. मग काढा."

तेजस्विनी म्हणाली, परवानगी नाही, पट्टे बंद आहेत, तिची नोकरी जाईल. मग त्या रस्त्याकडं बघून ती म्हणाली, "एकदाच. सपाट रस्त्यावर. मी शेजारी राहणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीत आम्ही उभे राहिलो. तेजस्विनीनं तेवढी एकच फेरी चालू करून हणमाला पट्टे बांधले. पुढं डावीकडं तो, उजवीकडं पोपटराव. मागं डावीकडं मी. चौथी जागा मोकळी होती. तात्या काठी ओसरीला टेकवून खाली उतरले आणि त्या जागेवर येऊन उभे राहिले.

हणमानं पहिलं पाऊल टाकलं. बाकीचं पट्ट्यानं संपवलं. आम्ही तिघांनी आपापली पावलं त्याच्या पावलांत टाकली. मी आयुष्यात शेकडो चाली चालले, पण इतकी हळुवार चाल माझ्या पायात कधी आली नव्हती. आळीतली दारं उघडत होती. कुणी विचारलं नाही, कोण गेलं. बायका उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि हात जोडले. माझ्या खांद्यावर अगदी थोडं वजन होतं. ओल्या लुगड्याएवढं. मी तात्यांकडं बघितलं नाही, पण त्यांचा श्वास माझ्या बाजूला ऐकू येत होता, आणि तो पावलांबरोबर चालला होता.

आळी संपते तिथं घाटाकडं वळण आहे. हणमाचे पाय तिकडं वळायला लागले.

"ठेवा," तात्या म्हणाले.

आम्ही चौघं वाकलो. हणमाचे गुडघेही वाकले, आपोआप, सावकाश. काही आवाज झाला नाही. तात्या जमिनीपाशी दोन्ही हात धरून बराच वेळ तसेच राहिले, आणि त्यांच्या आधी आमच्यातलं कुणी उठलं नाही. मग ते पोपटरावांचा हात धरून उभे राहिले आणि मागं न बघता घराकडं निघाले.

तेजस्विनीनं खुर्ची पुढं आणली. हणमा उभा होता, स्वतःच्या पायांवर, उन्हात. त्यानं एकदा लांब, पेठेकडं जाणाऱ्या रस्त्याकडं बघितलं. मग माझ्या खांद्याला धरून खाली बसला आणि उजव्या हातानं पट्ट्याचं पहिलं बक्कल सोडलं.